दीड-दोन वर्षांची जुळी पोरं घेऊन बाहेर कसं पडायचं

जुळी चालायला लागली की बऱ्याच घरांत बाहेर जाणं जवळपास बंदच होतं. दोघं दोन दिशांना पळणार, एकाला धरलं तर दुसरं निसटणार, त्यापेक्षा घरात बसलेलं बरं, असं वाटायला लागतं. ते साहजिकच आहे पण घरात बसलं की दिवस संपता संपत नाही, दोघं एकमेकांचे केस ओढतात आणि आई-बाबा दोघंही संध्याकाळपर्यंत पार गळून जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचना सांगतात की १ ते ४ वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी, म्हणजे तीन तास, आणि ते दोन पोरांचे दोन खोल्यांत कसे करणार? बाहेर मात्र ते आपोआप होतात.

ज्यांनी अजून सुरुवात केलेली नाही किंवा एकदा जाऊन हात टेकलेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमच्याकडे एक पोरगा एक पोरगी, दोघांचे स्वभाव एकदम वेगळे, तो दिसेल तिकडे धावणारा आणि ती एका जागी बसून खडे वेचणारी. एवढ्या दिवसांत एक गोष्ट पक्की कळलीय की जुळ्यांची ट्रिप बिघडते ती बहुतेक वेळा ठिकाणावर नाही, मधल्या वेळात बिघडते. दारातून निघताना, गाडीतून उतरताना, डायपर बदलताना, परत निघताना. एक पोर तुमच्या हातात आणि दुसरं मोकळं, असे जे अर्धा-एक मिनिटाचे क्षण असतात ना, त्यांचा आधी विचार करून ठेवला की बाकी सगळं जमतं.

आधी पोरांचं घड्याळ बघा

ट्रिपची वेळ ठरवताना पोरांची झोप बघायची, बाकी सगळं नंतर. १ ते २ वर्षांच्या मुलांना दिवसा-रात्रीची मिळून ११ ते १४ तास झोप लागते आणि दुपारची झोप चुकली की एकाच्या रडण्यानं दुसरंही पेटतं. सकाळी उठून, खाऊन, पोट साफ झाल्यावर जो वेळ मिळतो तो सोन्यासारखा, तेव्हाच निघा. दोघांच्या झोपेच्या वेळा वेगळ्या असतील तर आधी आठवडा-दोन आठवडे त्या जुळवायला घ्या, एक उठला की दुसऱ्याला पण पाच-दहा मिनिटांत उठवायचं, झोपवताना पण एकत्रच. झोपलेल्या पोराला उठवायला जीव होत नाही हे मान्य, पण हे जमलं नाही तर बाहेर जायला दोघं एकदम जागी असलेला वेळच उरत नाही.

अजून एक. निम्म्याहून जास्त जुळी ३७ आठवड्यांच्या आधी जन्मतात, त्यामुळे तुमची पोरं शेजारच्या त्याच वयाच्या पोरापेक्षा उशिरा चालत असतील तर लगेच घाबरू नका. डॉक्टर साधारण दोन वर्षांपर्यंत करेक्टेड वय धरतात, म्हणजे सहा आठवडे आधी जन्मलेलं पंधरा महिन्यांचं मूल साधारण साडेतेरा महिन्यांचं समजायचं. ठिकाण निवडताना पण हेच वय डोक्यात ठेवा. आणि दोघांतलं एक चालतंय, दुसरं अजून रांगतंय असं असेल तर खडबडीत जागेपेक्षा गवत बघा, रांगणाऱ्याच्या गुडघ्यांचे हाल होत नाहीत.

पहिली जागा कंटाळवाणी निवडा

अगदी मनापासून सांगते. पहिल्या काही वेळा जागा सुंदर नसली तरी चालेल, बंदिस्त हवी. चारी बाजूंनी कुंपण, एकच गेट, आत तळं-कारंजं काही नाही, एखादं सावलीचं झाड, आणि घरापासून इतकं जवळ की वाटेत गाडीत झोप लागणार नाही. एक मोठं माणूस आणि दोन पोरं असाल तर एकच गेट असणं ही अट सोडूच नका, कारण मग तुम्ही गेटच्या बाजूला उभं राहिलात की दोघं कुठंही गेली तरी तुमच्यापुढूनच जाणार. पहिल्या वेळी वीस-पंचवीस मिनिटांत परत फिरा, दोघं मजेत असतानाच. रडारड होईपर्यंत थांबायचं आणि मग उचलून आणायचं, असं झालं की पुढच्या वेळी निघायला तुम्हालाच नको वाटतं.

स्ट्रोलर आणि कॅरिअर

डबल स्ट्रोलर, म्हणजे दोन सीटची बाबागाडी, दोन प्रकारचे, शेजारी-शेजारी सीटवाला आणि पुढे-मागे सीटवाला. शेजारीवाला साधारण ७० ते ८० सेंटीमीटर रुंद असतो, तेव्हा घ्यायच्या आधी घराचं दार, लिफ्टचं दार आणि नेहमीचं गेट टेपनं मोजाच. ढकलायला तो सोपा, वळतो पण छान, आणि दोघांना सारखंच दिसतं म्हणून भांडण कमी. पुढे-मागेवाला अरुंद जागेतून जातो पण फुटपाथच्या कडेवर चढवताना जोर लागतो आणि मागच्या पोराला समोर सीटची पाठच दिसते. मला विचाराल तर मोकळ्या जागी फिरणाऱ्यांनी शेजारीवालाच घ्यावा, मोठ्या चाकांचा. हँडलला जड पिशव्या लटकवू नका. एक पोर उतरवलं की तोल बदलतो आणि दुसऱ्यासकट स्ट्रोलर मागे उलटू शकतो. थांबलात की आधी ब्रेक, मग पट्टा सोडायचा, हा क्रम हाताला लागला पाहिजे.

आणि स्ट्रोलर म्हणजे बांधून ठेवायची जागा नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच सूचनांमध्ये एका वेळी एक तासापेक्षा जास्त बांधून ठेवू नका असंही म्हटलंय.

पायवाट, टेकडी, वाळू असल्या ठिकाणी स्ट्रोलरचा उपयोग नाही, तिथं कॅरिअर लागतं, म्हणजे पोराला आपल्या अंगावर बसवून न्यायची पट्ट्यांची पिशवी. दोन मोठी माणसं असतील तर दोघांच्या पाठीवर एकेक. कॅरिअरमध्ये पोराच्या मांड्यांना गुडघ्यापर्यंत आधार हवा आणि गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर. फ्रेमवालं बॅकपॅकसारखं कॅरिअर असेल तर पोर त्यात बसवताना कॅरिअर जमिनीवरच ठेवायचं, टेबलावर किंवा गाडीच्या बॉनेटवर कधीच नाही, आणि त्यावर लिहिलेली वजनाची मर्यादा बघायची, त्यात बॅगेतल्या सामानाचं वजन पण धरलेलं असतं. एकटं माणूस एक पोर पुढे एक पाठीवर असं करताना दिसतं कधीकधी, पण या वयात ते वीस-बावीस किलो होतं, पुढच्या पोरामुळे पाय कुठं पडतोय तेच दिसत नाही, सपाट रस्त्यावर दोन मिनिटांसाठी ठीक, पायवाटेवर अजिबात नको.

बॅग

यात फार वेळ घालवू नका. डायपर प्रत्येकी तीन, वाइप्स, दोघांचे कपड्यांचे एकेक पूर्ण जोड, ओले कपडे टाकायला पिशवी, दोन बाटल्या पाणी, खाऊचे दोन वेगळे डबे, टोप्या, थोडं फर्स्ट एड. डबे वेगळेच, एका डब्यातून वाटत बसलात की दोन्ही हात अडकतात. आणि बॅग पाठीवरची घ्या, खांद्यावरची पोराला उचलायला वाकलात की घसरून त्याच्याच डोक्यावर येते.

गाडी ते गेट

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, इथं नीट वाचा.

समजा तुम्ही एकट्या आहात आणि गाडी पार्किंगमध्ये लावलीय. आधी स्ट्रोलर काढून उघडून, ब्रेक लावून, गाडीच्या अगदी लगत, रहदारी नसलेल्या बाजूला उभा करायचा. तोवर दोघं आपापल्या कारसीटमध्ये पट्ट्यात, दार उघडं, तुम्ही दोन पावलांवर. मग जे पोर शांत बसतं ते आधी काढायचं, स्ट्रोलरमध्ये ठेवून पट्टा लावायचा, आणि पळणारं पोर शेवटी काढायचं. परत येताना बरोबर उलटं, पळणारं आधी गाडीत, शांत पोर नंतर. क्रम कधीच बदलायचा नाही, एक-दोन आठवड्यांत पोरांना पण कळतं की आपला नंबर कधी आणि त्यासाठीचं रडणं बंद होतं. किल्ली खिशात, सीटवर नाही.

एकाला पटकन आत सोडून येते, दुसरं गाडीत बसू दे, हा मोह जुळ्यांच्या आई-बाबांना फार होतो. नाही म्हणजे नाही. उन्हात उभ्या गाडीचं आतलं तापमान दहा मिनिटांत साधारण १० अंश सेल्सियसनं चढू शकतं आणि काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. दोघं एकत्र उतरणार, एकत्र चढणार.

दोन मोठी माणसं असतील तर घरातूनच ठरवून निघा की आज कोण कोणाचं. "तू त्याला बघ, मी हिला" असं तोंडानं स्पष्ट म्हणायचं. दोघांनी मिळून दोघांकडे बघायचं ठरवलं की दोघांनाही वाटतं दुसरा बघतोय. अदलाबदल करायची असेल तरी बोलून करायची.

मैदानात: दोघं दोन दिशांना

हे होणारच. त्यासाठी नियम एकच, जो जास्त धोक्याजवळ आहे त्याच्याकडे आधी जायचं, जो तुमच्या जास्त जवळ आहे त्याच्याकडे नाही. एक वाळूत बसून माती खातोय आणि दुसरी गेटकडे चाललीय तर माती खाऊ दे, गेट गाठा. आणि ज्याला हाताशी धरलंय त्याला काखोटीला मारूनच दुसऱ्याच्या मागे जायचं. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये ही म्हण जुळ्यांच्या घरात अगदी अक्षरशः पाळायची, कारण हातचं सोडलं की तेही पळतं.

घरीच एक खेळ सुरू करा, चालता चालता "थांब!" म्हणायचं आणि सगळ्यांनी पुतळा व्हायचं, तुम्ही पण. दोन-तीन वर्षांच्या पोरांचा यावर भरवसा ठेवता येत नाही, रस्त्यावर हात किंवा हार्नेस (पोराच्या अंगाला बांधून दुसरं टोक आपण धरायचा पट्टा) हवाच, पण पंधरा वेळात चार वेळा जरी थांबली तरी तेवढे दोन सेकंद मिळतात.

कपडे एकाच भडक रंगाचे घाला, लाल किंवा केशरी. दुरून दोन लाल ठिपके मोजायचे, बस. तोंडवळा अगदी सारखा असेल तर रंग एकच पण टोप्या वेगळ्या, म्हणजे ओरडताना नाव चुकत नाही. निघण्याआधी दोघांचा त्या दिवशीच्या कपड्यांत फोटो काढा आणि हातावर बॉलपेननं तुमचा फोन नंबर लिहा. एखादं दिसेनासं झालंच तर आधी दुसऱ्याला स्ट्रोलरच्या पट्ट्यात अडकवून कोणाच्या तरी ताब्यात द्या, मग सगळ्यात पहिल्यांदा पाणी आणि रस्ता बघायचा, झाडीत नंतर शोधा, आणि मोठ्यानं "लाल टी-शर्ट, दोन वर्षांचा मुलगा" असं ओरडत जा. नुसतं नाव हाकारलं तर आजूबाजूच्यांना काय शोधायचं तेच कळत नाही.

घसरगुंडीबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. पोराला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून येऊ नका. पोराचा बूट कडेला अडकतो, मागून आपलं वजन येतं आणि नडगीचं हाड मोडतं, लहान पोरांच्या पायाच्या फ्रॅक्चरचं हे ओळखीचं कारण आहे. एकटं जमत नसेल तर बाजूला उभं राहून हात धरा, तेवढ्या उंचीची घसरगुंडी निवडा. गळ्यात दोरी, स्कार्फ असलेलं काही घालून खेळायला सोडू नका, आणि उन्हातल्या घसरगुंडीवर आधी आपला तळहात टेकवून बघा.

पायवाटेवर

मैदान जमलं की पायवाट करून बघा, खरी मजा तिथं आहे. गोल फिरून येणारी वाट नको, गेलो त्याच वाटेनं परत येता येईल अशी घ्या, म्हणजे कुठूनही मागे फिरता येतं. अंतर विसरून जा. दोन वर्षांची पोरं स्वतःच्या पायानं निघाली की अर्धा किलोमीटरला एक तास सहज जातो आणि तेच बरोबर आहे, कारण त्यांच्यासाठी वाट म्हणजेच ठिकाण.

आमच्या पोरीला एकदा पावसाच्या पाण्याच्या नाल्यावरची लोखंडी जाळी सापडली. ती एक खडा उचलायची, जाळीच्या फटीतून सोडायची आणि मान तिरकी करून कान जवळ नेऊन थांबायची, खालून टुळूक आवाज आला की आमच्याकडे बघायची. जो धावण्यासाठी प्रसिद्ध तो भाऊ चक्क थांबला आणि तिला खडे आणून द्यायला लागला, मूठभर आणायचा, तिच्या पायाशी ओतायचा, परत जायचा. आम्ही त्या दिवशी टेकडीवर पोचलोच नाही आणि कोणाला काही वाटलं पण नाही. घरात हीच दोघं एका चमच्यावरून गुरासारखी भांडतात. बाहेर खडे, काड्या, पानं हवी तेवढी असतात ना, वाटणीचा प्रश्नच येत नाही, माझ्या मते जुळ्यांना बाहेर नेण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

काडी मात्र हाताच्या लांबीपेक्षा मोठी असेल तर ओढत न्यायची, उचलून फिरवायची नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून. डोळे चार आहेत.

पाणी

इथं सूट नाही. लहान मूल पाच सेंटीमीटर पाण्यात सुद्धा बुडू शकतं आणि बुडताना आवाज होत नाही, हातपाय आपटणं, ओरडणं काही नाही. त्यामुळे पाण्याजवळ एका पोरामागे एक मोठं माणूस, हात लांब केला की पोराला लागेल इतक्या अंतरावर, आणि हातात फोन नाही. एकट्या असाल तर तळं, नदी, समुद्र हा प्लॅनच नको, घरी दोन टब भरा आणि खेळून झालं की लगेच उपडे करा. दंडाला घालायचे फुगे खेळणी आहेत, सुरक्षेचं साधन नाहीत. पोहायचे कपडे निळे, पांढरे, राखाडी घेऊ नका, पाण्याखाली ते दिसत नाहीत, भडक पोपटी किंवा केशरी घ्या.

ऊन, डास वगैरे

सकाळी १० ते दुपारी ४ ऊन टाळता आलं तर टाळाच. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त, निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी घरातच लावा, दर दोन तासांनी परत. स्ट्रोलरवर ऊन लागू नये म्हणून चादर झाकू नका, आत हवा कोंडून ते भट्टीसारखं तापतं, त्यापेक्षा छत्री किंवा सावली. डासांचं क्रीम सनस्क्रीननंतर लावायचं आणि पोरांच्या तळहातांना नाही, कारण हात तोंडात जातो, जुळ्यांचा तर एकमेकांच्या तोंडात. लेमन युकॅलिप्टस तेलवालं क्रीम ३ वर्षांखालच्या मुलांना चालत नाही, नैसर्गिक लिहिलंय म्हणून घेऊ नका. गवतातून आल्यावर कानामागे, काखेत, गुडघ्यामागे गोचीड बघा, असलीच तर बारीक चिमट्यानं कातडीलगत पकडून सरळ वर ओढायची, तेल-चटका काही नाही.

खाऊ बसूनच, धावताना नाही. अख्खी द्राक्षं, दाणे, बदाम, पॉपकॉर्न चार वर्षांपर्यंत नको, द्राक्षं उभी चिरून चार तुकडे करा. दोघांनाही एकाच वेळी बसवा, कारण एक खातोय आणि दुसऱ्यामागे तुम्ही पळताय तेव्हा घशात अडकलेलं कळत नाही.

डायपर आणि भोकाड

डायपर बदलताना दुसऱ्याचं काय, हा प्रश्न सगळ्या जुळ्यांच्या आया विचारतात. स्ट्रोलरमध्ये पट्टा लावून खाऊचा डबा हातात, एवढंच. स्ट्रोलर नसेल तर तुमच्या दोन पायांच्या मधे बसवून, पाठ तुमच्याकडे, आणि वाइप्सचं पाकीट त्याच्या हातात, "मला एक दे" म्हणायचं. काम दिलं की पळत नाहीत.

एकानं भोकाड पसरलं तर त्याला उचलायच्या आधी दुसऱ्याशी एक वाक्य बोला, "याला जरा कडेवर घेते हं, तू इथं माझ्याजवळ बस". दोघांशी नाव घेऊन वेगवेगळं बोलायची सवय तशीही हवी, जुळ्यांच्या वाट्याला मोठ्यांचं बोलणं अर्धं-अर्धं येतं आणि बऱ्याचदा बोलायला थोडा उशीर लागतो. अधूनमधून एकेकालाच घेऊन बाहेर जा, दुसरं आजीकडे किंवा बाबाकडे. आमची पोरगी भावाशिवाय असली की किती बोलते हे आम्हाला अशाच फेरीत कळलं.

परत निघताना आणि घरी

"चला" म्हणून लगेच उचलू नका. पाच मिनिटं आधी सांगा, मग शेवटची एक गोष्ट ठरवून द्या, शेवटची घसरगुंडी, शेवटचे तीन खडे, आणि ती झाली की खरंच निघा, कोणी रडलं तरी. त्यानंतर पळणारं आधी गाडीत, शांत नंतर, पट्टे तपासून मग दार.

घरी आल्यावर हात-पाय धुणं, गोचीड बघणं, खाणं, झोप, याच क्रमानं. आणि दोघं झोपली की तुम्ही पडायच्या आधी पाच मिनिटं बॅग परत भरून दाराशी ठेवा, संपलेले डायपर, ओले कपडे, बाटल्या सगळं. उद्या सकाळी दोघं एकदम खूश असतील आणि तेव्हा डायपर शोधत बसलात तर तो वेळ हातचा जाईल.